चोरओटीच्या महिन्यातली तपासणी

आपल्याकडे दिवस राहिले की तीन महिने कुणाला सांगायचं नाही, अशी रीत आहे. शेजारणीला नाही, जावेला नाही, कधी कधी तर सख्ख्या बहिणीलाही नाही. तिसरा महिना लागला की सासू नाहीतर आई देवघरासमोर पाटावर बसवते, गाजावाजा न करता ओटी भरते, हिरवा खण देते. म्हणून ती चोरओटी. पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, फुलांची वाडी भरतात, फोटो काढतात. चोरओटी मात्र आपली चार भिंतींच्या आत.

या रीतीला मी हसणार नाही. गर्भपात बहुतेक करून पहिल्या तीन महिन्यांतच होतात, हे जुन्या बायकांना पुस्तकं न वाचता ठाऊक होतं. आधी सगळ्यांना सांगितलं आणि मग काही बिनसलं, तर पोरीला दहा ठिकाणी उत्तरं द्यावी लागतात. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, हा त्यातला शहाणपणा. पण कुणाला सांगायचं नाही म्हणता म्हणता डॉक्टरांकडेही जायचं नाही असं होऊन बसलं, आणि तिथे घोटाळा झाला.

कारण बाळाचं हृदय काही चोरओटीसाठी थांबत नाही. पाळी चुकून पंधरा दिवस होतात न होतात, तोवर ते धडधडायला लागलेलं असतं. सुरुवातीला एक साधी नळी असते. ती स्वतःभोवती वळते, तिच्यात पडदे तयार होतात, चार कप्पे होतात, झडपा बसतात, दोन मोठ्या रक्तवाहिन्या आपापल्या जागी जोडल्या जातात. हे सगळं शेवटच्या पाळीपासून दहा आठवड्यांच्या आसपास उरकलेलं असतं. म्हणजे सासूबाई ओटीचे तांदूळ निवडत बसतात, तेव्हा बाळाचं हृदय बनून तयार असतं. तुरीच्या दाण्याएवढं असेल, पण पूर्ण. जे चुकायचं ते चुकून गेलेलं असतं, आणि त्यातलं काही काही दिसायलाही लागलेलं असतं.

हजार बाळं जन्मली तर त्यांतल्या आठ ते दहा बाळांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो. वर्तमानपत्रात या सगळ्याला एकच शब्द असतो, ‘हृदयाला छिद्र’. प्रत्यक्षात दोषांचे प्रकार पुष्कळ आहेत आणि सगळेच भीतीदायक नाहीत. बारीक छिद्रं कित्येकदा आपोआप बुजतात, घरच्यांना पत्ताही लागत नाही. पण साधारण चौथा हिस्सा बाळांचा दोष असा असतो, की पहिल्या वर्षाच्या आत, आणि काहींच्या बाबतीत तर पहिल्या काही दिवसांतच, ऑपरेशन किंवा दुसरा काही उपाय करावा लागतो. मला आज बोलायचं आहे ते या बाळांबद्दल.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात महिला मंडळाचं काम करते. त्यातलं निम्मं काम म्हणजे बायकांसोबत दवाखान्यात जाऊन बसणं. बाकड्यावर बसून जे ऐकलं, आणि न समजलेलं डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतलं, ते इथे मांडते आहे.

माण तालुक्यातली एक मुलगी. आत्याच्याच घरी दिलेली, म्हणजे सासू ती आत्या. पहिलं बाळंतपण, म्हणून सातव्या महिन्यात माहेरी आली. दोन सोनोग्राफी झाल्या होत्या. एक अगदी सुरुवातीला, दिवस राहिलेत का ते बघायला, आणि दुसरी आठव्या महिन्यात, बाळ आडवं आहे का सरळ ते बघायला. दोन्ही रिपोर्टांवर सगळं नॉर्मल. मधली राहून गेली. तालुक्याच्या गावी बाळंत झाली. मुलगा, पावणेतीन किलोचा, गोरापान, जन्मल्या जन्मल्या खणखणीत रडलेला. पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी बाळ अंगावर पिईना. दोन घोट घेई, दमून सोडून देई, कपाळाला घाम. आजी म्हणाली, थंडी बाधली, शेक द्या. संध्याकाळपर्यंत ओठ जांभळे. तिथून साताऱ्याला आणलं. साताऱ्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच पुण्याला न्यायला सांगितलं. सातारा ते पुणे एकशे दहा किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. पुणं आलं नाही.

मी तिला भेटले त्यानंतर दोन महिन्यांनी. घरात एकच चर्चा चालू होती, ‘गिराणात’ हिने भाजी चिरली होती का. कुणी म्हणे पपई खाल्ली. कुणी म्हणे पाचव्या महिन्यात विहिरीवर गेली होती, तिथलं काही लागलं. ती स्वतः काहीच बोलत नव्हती. दूध आटायच्या गोळ्या घेऊन भिंतीला टेकून बसली होती.

आता ते बाळ दोन दिवस इतकं चांगलं कसं होतं, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं काम करत नसतात. प्राणवायू येतो तो आईकडून, वारेतून आणि नाळेतून. फुफ्फुसाकडे रक्त पाठवायची गरजच नाही, म्हणून निसर्गाने दोन आडवाटा ठेवल्या आहेत. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेसारखं भोक, आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडणारी एक छोटी नळी. म्हणजे पोटातल्या प्रत्येक बाळाच्या हृदयाला छिद्र असतंच! हृदयाची रचना चुकलेली असली तरी या आडवाटांनी रक्त फिरत राहतं आणि बाळ मजेत वाढतं. वजन भरतं, लाथा मारतं, ठोके नियमित येतात. जन्म झाला, पहिलं रडणं झालं, की फुफ्फुसं उघडतात आणि ही जोडनळी दोन-तीन दिवसांत बंद व्हायला लागते. निरोगी बाळाला काही फरक पडत नाही. ज्याचं सगळं त्या नळीवरच चाललेलं होतं, ते बाळ मात्र तिसऱ्या दिवशी निळं पडतं.

ही नळी उघडी ठेवण्याचं औषध आहे. प्रोस्टाग्लँडिन त्याचं नाव, शिरेतून थेंब थेंब द्यायचं. ते दिलं की ऑपरेशनपर्यंतचा वेळ मिळतो. पण ते बाळ जिथे जन्मलं तिथे हवं, आणि बाळाला त्याची गरज आहे हे कुणालातरी माहीत हवं. घाटातल्या गाडीत या दोन्ही गोष्टी नसतात.

म्हणूनच मला वाटतं, पोटातल्या बाळाच्या हृदयाची तपासणी करायची ती मुख्यतः एका प्रश्नासाठी: या बाळाने कुठे जन्माला यायचं? आपल्याकडे हे माहेर कुठे आहे त्यावरून ठरतं. 

आता तपासण्यांकडे वळू. पहिली, अकरा आठवडे पूर्ण झाल्यावर आणि चौदा पूर्ण व्हायच्या आत. हिला एन.टी. स्कॅन म्हणतात. बाळ तेव्हा डोक्यापासून ढुंगणापर्यंत साडेचार ते साडेआठ सेंटिमीटर असतं. त्याच्या मानेच्या मागे कातडीखाली थोडं पाणी असतं, त्याची जाडी मोजतात. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधले डॉ. किप्रोस निकोलाइडिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं, की हे पाणी जास्त असलं तर बाळाला डाउन सिंड्रोमसारखे दोष असण्याची शक्यता वाढते. पुढे लक्षात आलं, की गुणसूत्रं अगदी व्यवस्थित असली तरी अशा बाळांमध्ये हृदयाचे दोष जास्त आढळतात. जाडी साडेतीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली तर हृदय नीट तपासून घ्यायलाच हवं. याच वेळी ‘डबल मार्कर’ ही रक्ताची तपासणी करतात. चांगलं मशीन आणि शिकलेला हात असेल, तर याच वेळी हृदयाचे चार कप्पे, झडपेतून रक्त उलटं येतंय का, तेही पाहता येतं.

पण मैत्रिणींनो, मान जाड म्हणजे हृदय खराब, असं मुळीच नाही. अशा कितीतरी बायकांची बाळं अगदी ठणठणीत जन्मतात. आणि मान नॉर्मल म्हणून हृदयही नॉर्मल, असंही नाही. तो फक्त एक इशारा आहे, दारावरची कडी वाजल्यासारखा. कोण आलंय ते दार उघडूनच बघावं लागतं.

ते दार उघडतं पाचव्या महिन्यात, अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत. हिला ॲनोमली स्कॅन म्हणतात. हृदय तेव्हा द्राक्षाएवढं झालेलं असतं. चार कप्पे दिसतात का, मधला पडदा सलग आहे का, आणि दोन मोठ्या रक्तवाहिन्या योग्य कप्प्यातून निघून एकमेकींना फुली मारून जातात का, हे पाहायचं असतं. ही फुली महत्त्वाची. काही बाळांत त्या दोन नळ्या अदलाबदल झालेल्या असतात, मग त्या फुली न मारता समांतर धावतात. चार कप्पे मात्र अशा बाळांतही छान दिसतात. म्हणून नुसते कप्पे पाहून भागत नाही. आमच्या मंडळात मी बायकांना सरळ एक वाक्य पाठ करायला लावते: “डॉक्टर, चारही कप्पे आणि दोन्ही मोठ्या नळ्या दिसल्या का?” विचारायला घाबरायचं नाही. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, उलट पडदा आपल्याकडे वळवून दाखवतात. बाळ उलटं झोपलंय म्हणून दिसलं नाही, असं म्हणाले, तर चार-आठ दिवसांनी पुन्हा जायचं. तिथेच सोडून द्यायचं नाही.

यापुढची पायरी म्हणजे फीटल इको, पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास तपासणी. साधारण अठरा ते बावीस आठवड्यांत करतात. सगळ्यांनाच ती लागत नाही. आधीच्या बाळाच्या हृदयात दोष होता, आई किंवा वडिलांना स्वतःला लहानपणापासून हृदयाचा दोष आहे, आईला गर्भारपणाच्या आधीपासून मधुमेह आहे, फिट्सच्या किंवा मानसिक आजाराच्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, एकाच वारेवरची जुळी आहेत, टेस्ट ट्यूब बेबी आहे, एन.टी. जास्त आली आहे, तर ती करून घ्यावी. नात्यातलं लग्न हेही एक कारण आहे. आमच्या भागात मामाची मुलगी म्हणजे हक्काची बायको, असं अजूनही अभिमानाने सांगतात. जमीन घरात राहते, सून ओळखीची मिळते, सगळं खरं. पण एकाच घराण्यातलं रक्त पुन्हा पुन्हा एकत्र आलं की जन्मजात दोषांची शक्यता वाढते, आणि त्याचा हिशोब सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो.

इथे कुणी म्हणेल, आमच्यात तर यांतलं काहीच नाही, मग आम्हाला काय. खरी गोम तिथेच आहे. दोष असलेली बहुतेक बाळं अशाच आयांच्या पोटी येतात, ज्यांच्याकडे धोक्याचं म्हणावं असं काहीही नसतं. म्हणून पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी सरसकट सगळ्यांनी करायची. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, ती फुकट आहे. आशाताईकडे बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवलं की पुढच्या तारखा तिच्याकडून कळत जातात. आम्ही मंडळातर्फे आता एक करतो. कुणाची चोरओटी असल्याचं कानावर आलं (आणि चोरओटी असली तरी ती येतेच!), की खण-नारळाबरोबर एक चिठ्ठी देतो. शेवटच्या पाळीची तारीख विचारून, बाराव्या आठवड्याची आणि एकोणिसाव्या आठवड्याची, अशा दोन तारखा कॅलेंडरवर मोजून तिच्यावर लिहितो. सासवा आधी नाक मुरडायच्या. आता स्वतःच विचारतात, चिठ्ठी कुठाय.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे आणखी एक सावली पडते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. याच मशीनने आपण कितीतरी मुली गर्भातच मारल्या. त्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, १९८८ साली. मग १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला. आमच्या साताऱ्यातल्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी लेक लाडकी अभियानातून डमी गिऱ्हाईक पाठवून किती तरी डॉक्टरांना पकडून दिलं. तरीही २०१७ मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला काय उघडकीला आलं, ते सगळ्यांनी वाचलं आहे. त्यामुळे आज बाई सोनोग्राफीला निघाली की गल्लीत नजरानजर होते. एक तर ‘बघायला’ चालली, नाहीतर घाबरून जातच नाही. कायद्याने बंदी आहे ती फक्त मुलगा की मुलगी हे विचारण्यावर आणि सांगण्यावर. बाळाचं हृदय, मणका, मेंदू, मूत्रपिंड पाहण्यावर काहीही बंदी नाही, तपासणी त्यासाठीच तर असते. तिथे एफ फॉर्म भरून घेतात, तो निवांत भरावा.

दुसरा कायदा गर्भपाताचा. १९७१ च्या कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. आता पाहा, पाचव्या महिन्यातली तपासणी एकोणीस-वीस आठवड्यांची, त्यात शंका आली की फीटल इको, म्हणजे उत्तर हातात येईतो मुदत संपलेली. २००८ मध्ये मुंबईतल्या एका दाम्पत्याने डॉ. निखिल दातार यांच्यासह उच्च न्यायालयात दाद मागितली होती. बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं त्यांना चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळलं होतं. न्यायालयाने परवानगी दिली नाही. काही दिवसांतच त्या बाईंचा गर्भपात आपोआप झाला. त्या प्रकरणावर देशभर वाद झाला. कायदा बदलायला मात्र २०२१ साल उजाडलं. आता काही परिस्थितींत चोवीस आठवड्यांपर्यंत, आणि बाळात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर त्यानंतरही, परवानगी मिळू शकते. सज्ञान बाईच्या बाबतीत कायद्याला संमती लागते ती फक्त तिची. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, हे बऱ्याच बायकांना ठाऊक नसतं.

गर्भ ठेवायचा की नाही यावर मी कुणाला सल्ला देत नाही. हृदयाचा अर्धा भागच तयार झाला नाही, असेही दोष असतात. त्यांत एकामागून एक तीन ऑपरेशनं करावी लागतात आणि तरीही खात्री नसते. तिथे एखाद्या आईने थांबायचं ठरवलं तर तिच्याकडे बोट दाखवणारे आपण कोण? पण उलटही मी पाहते. दोष हा शब्द ऐकला की घरातली चार माणसं एका सुरात म्हणतात, ‘खाली करून टाका.’ दोष कुठला, बरा होण्यासारखा आहे का, हे विचारायच्या आधीच. म्हणून तपासणी लवकर झालेली बरी. बाराव्या आठवड्यात इशारा मिळाला तर हृदयाच्या डॉक्टरांना भेटायला, दुसरं मत घ्यायला, रडायला, आणि रडून झाल्यावर विचार करायला आठवडे मिळतात. बाविसाव्या आठवड्यात कळलं तर दिवस मिळतात.

आईवर येणाऱ्या आळाबद्दल थोडं सांगते. ग्रहणाने, पपईने, जिना चढल्याने हृदय बिघडत नाही. बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. जी थोडी कारणं माहीत आहेत, त्यांतलं एक टाळता येण्यासारखं आहे, ते म्हणजे रुबेला. लहान मुलांना येतो तसा साधा ताप आणि पुरळ, पण गर्भारपणाच्या सुरुवातीला झाला तर बाळाचे डोळे, कान आणि हृदय बिघडवतो. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियात नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मोतीबिंदू घेऊन जन्मलेली बाळं एकदम बरीच आली, त्यांतल्या अनेकांना हृदयाचेही दोष होते. आयांशी बोलता बोलता त्यांना या तापाचा धागा सापडला. आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोठी मोहीम झाली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी. म्हणजे २००३ च्या आधी जन्मलेल्या, आज लग्नाच्या वयातल्या मुली त्या मोहिमेत नव्हत्या. लग्न ठरलं की पार्लरची अपॉइंटमेंट घेतो, तशी या लशीची चौकशी करा. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि गर्भारपणात ती घ्यायची नाही. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आणायची तीसुद्धा दिवस राहायच्या आधी. कारण हृदय बनतं ते पहिल्या दोन-अडीच महिन्यांत.

पैशांचा प्रश्न असतोच. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे हृदयाचे दोष शोधून मोफत उपचार मिळवून देणं हे त्यात आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथक येतं, आणि आमच्या मंडळाच्या ओळखीतली दोन मुलं त्यातूनच सापडली. चांगली योजना आहे. पण तिसऱ्या दिवशी निळं पडणारं बाळ अंगणवाडीत पोचत नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतही लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं बसतात. नवी मुंबईत खारघरला सत्य साई संजीवनी हॉस्पिटलमध्ये मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं विनामूल्य होतात, तिथे पैसे भरायची खिडकीच नाही. मात्र कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे, कुठले कागद लागतात, ही धावाधाव बाळ काचेच्या पेटीत असताना करायची, की चार महिने आधी, एवढाच फरक.

तो फरक मी आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलीत पाहिला. नवरा एस.टी.त कंडक्टर. बाराव्या आठवड्याच्या तपासणीत मान चार मिलिमीटरच्या वर आली. सोळाव्या आठवड्यात पोटातलं पाणी काढून गुणसूत्रं तपासली, ती ठीक निघाली. सगळ्यांनी सुस्कारा सोडला, आता इको कशाला म्हणाले. तीच हट्ट धरून बसली. विसाव्या आठवड्यात पुण्याला इको झाला तेव्हा मी सोबत होते. डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी कागदावर हृदय काढलं, दोन नळ्या काढल्या आणि म्हणाले, “ताई, या अदलाबदल झाल्यात.” त्या दोन नळ्या कापून परत जागेवर जोडायचं ऑपरेशन १९७५ मध्ये ब्राझीलच्या डॉ. अदीब जातेने यांनी पहिल्यांदा यशस्वी केलं आणि आता ते आपल्याकडेही होतं. बाळ जन्मल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत करायचं असतं. वेळेवर झालं तर बहुतेक मुलं वाचतात आणि शाळेत जातात, असं डॉक्टरांनी सांगितलं.

घरी आल्यावर दोन दिवस वादळ. सासरे म्हणाले, दुसरं होईल. ती म्हणाली, हे पहिलं आहे. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने रजेचा अर्ज लिहिला. मग भांडण वेगळ्याच गोष्टीवर सुरू झालं, पहिलं बाळंतपण माहेरी नाही म्हणजे काय! वहिनी रडल्या. खोली आवरून ठेवली होती, बाज काढून ठेवली होती. शेवटी असं ठरलं, की माहेरच पुण्याला न्यायचं. हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्याने घेतली, आठव्या महिन्याच्या शेवटी वहिनी डिंक, खारीक, शेगडी असं सगळं घेऊन तिथे राहायला गेल्या. अडतिसावा आठवडा संपता संपता ती बाळंत झाली, साधंच बाळंतपण, सिझेरियन नाही. मुलगी. बाळंतखोलीतच लहान मुलांचे डॉक्टर उभे होते, तासाभरात शिरेत ते औषध चालू झालं. आईने बाळाला फक्त एकदा हातात घेतलं. नवव्या दिवशी ऑपरेशन झालं, सकाळी आत नेलं ते दुपार टळून गेल्यावर बाहेर आणलं. वहिनी त्या सबंध वेळात एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या लसूण सोलत बसल्या होत्या.

सव्वा महिन्यानंतर ती मुलगी साताऱ्याला आली, आणि बारसं झालं. आता बालवाडीत आहे. छातीवर मधोमध एक बारीक रेघ आहे. वर्षातून एकदा इको करायला पुण्याला जावं लागतं, यंदाची तारीख दिवाळीनंतरची आहे.

आणि माणची ती मुलगी. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिने आत्यालाही सांगायच्या आधी मंडळात फोन केला, “काकू, माझ्या दोन तारखा मोजून द्या.” दोन्ही तपासण्या झाल्या, आधीच्या बाळामुळे इकोही झाला. या खेपेला सगळं ठीक होतं. तरी बाळंतपण साताऱ्यात करायचं तिने ठरवलं. सोनोग्राफीत सगळेच दोष दिसत नाहीत, हे तिला सांगितलेलं होतं. बारीक छिद्रं दिसत नाहीत, आणि जन्मानंतर बंद व्हायच्या वाटा बंद होतील की नाही, हे आधी कळायला मार्गच नाही. म्हणून बाळ चोवीस तासांचं झाल्यावर तिने सिस्टरांना स्वतः विचारलं, प्राणवायू मोजला का. करोनात आपण सगळ्यांनी बोटाला चिमटी लावून आकडे पाहिले, तसंच हे, फक्त बाळांसाठीचं यंत्र वेगळं. उजव्या हाताला आणि एका पायाला लावतात. आकडा ९५ च्या खाली आला तर पुढे तपासायचं. सिस्टरांनी लावलं. हाताला ९८ आला, पायाला ९७. तिने तो आकडा रात्री साडेअकराला मला फोन करून सांगितला.